तिसरा माणूस : विकिपीडियावरचे वाद मिटतात कसे?

विकिपीडिया आपण सगळेच वाचतो. मुलांच्या प्रकल्पासाठी वाचतो, गावाला जायच्या आधी वाचतो, एखादा पुढारी वारला की अर्ध्या तासात त्याच्यावरचा लेख वाचतो. तो लिहितं कोण, हे मात्र आपण फारसं विचारत नाही. तो लिहिणाऱ्यांना लिहिण्याचा पगार मिळत नाही. कुणी कुणाचा साहेब नाही, बहुतेक जण एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. मग साधा प्रश्न येतो. अशा दोन माणसांचं पटलं नाही, तर शेवटचा शब्द कुणाचा?

आपल्या कोशपरंपरेत याचं उत्तर सोपं होतं. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, तिथे शेवटचा शब्द केतकरांचा. वाईला मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं, तिथे प्रमुख संपादक म्हणून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी बसलेले. लेखक रागावला तरी निर्णय संपादकाच्या टेबलावर व्हायचा. १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला आणि हे टेबलच काढून टाकलं गेलं. आज इंग्रजी विकिपीडियावर ७० लाखांच्या वर लेख आहेत आणि त्यांतल्या एकाही लेखाला मालक नाही.

मालक नसलेल्या जमिनीवर भांडणं होणार, हे आपल्याला सांगायला नको. ती मिटतात कशी, एवढंच आज बघायचं आहे.

उदाहरण आपल्या ओळखीचं घेऊ. शिवाजी महाराजांची जन्मतारीख. एक परंपरा सांगते, वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. म्हणजे १६२७ साल. जेधे शकावलीत आहे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये ही दुसरी तारीख मान्य केली. आजही कुणी तारखेने जयंती करतं, कुणी तिथीने. आता समजा, एका सदस्याने लेखात १६२७ लिहिलं. दुसऱ्याने येऊन १६३० केलं. पहिल्याने पुन्हा १६२७ केलं. प्रत्येक बदल लेखाच्या ‘इतिहास’ पानावर जसाच्या तसा राहतो आणि जुनी आवृत्ती परत आणायला एक कळ दाबली की झालं. ही सोय तोडफोड दुरुस्त करायला फार चांगली, पण तिच्यामुळे भांडणही फार स्वस्त होतं. कागदावरच्या वादात निदान पुन्हा लिहायचे कष्ट असतात. इथे तेही नाहीत. याला विकिपीडियावर ‘संपादन युद्ध’ म्हणतात.

पहिला उपाय ब्रेक लावण्याचा. इंग्रजी विकिपीडियावर २००४ पासून एक नियम आहे : एका लेखावर २४ तासांत एका सदस्याने तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवायचं नाही. चौथ्यांदा उलटवलं, तर काही काळ तुमचं संपादन बंद होऊ शकतं. उघड तोडफोड काढून टाकण्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर तुमचं म्हणणं बरोबर आहे की चूक, याने फरक पडत नाही. लोक इथेच चिडतात. ‘अहो, पण मी बरोबर होतो!’ असाल. दुसराही अगदी हेच म्हणतोय.

दुसरा ब्रेक म्हणजे लेखाला कुलूप. प्रचालक काही दिवसांसाठी लेख सुरक्षित करतो. कुलूप लावताना लेख ज्या अवस्थेत असेल, त्याच अवस्थेत तो राहतो. तिथे एक जुना विनोद आहे, की प्रचालक नेहमी चुकीच्याच आवृत्तीला कुलूप लावतो. दोन्ही बाजूंना तसंच वाटतं, म्हणून विनोद.

पण ब्रेक लावून गाडी थांबते, मुक्कामाला पोचत नाही. पुढचं काम ‘चर्चा’ पानावर होतं. प्रत्येक लेखामागे असं एक पान असतं. वाचक तिकडे सहसा जात नाहीत. मी तर म्हणते, वादग्रस्त लेख वाचताना आधी ते पान उघडा. तिथली रीत अशी : धाडसाने बदल करा, कुणी उलटवला तर पुन्हा तोच बदल करू नका, चर्चेला या. आणि चर्चा मजकुराबद्दल करा, माणसाबद्दल नको. ‘तुम्ही अमुक जातीचे, तमुक पक्षाचे, म्हणून असं लिहिता’, हे वाक्य आलं की चर्चा संपली असं समजा.

आता मुख्य गोष्ट. चर्चा पानावर गेल्यावर प्रश्नच बदलतो. ‘खरं काय?’ हा प्रश्न बाजूला ठेवतात आणि विचारतात, ‘कोणता विश्वासार्ह, प्रकाशित स्रोत काय म्हणतो?’ हे ऐकायला पळवाटेसारखं वाटतं. पण जरा विचार करा. अनोळखी दोन माणसं, एक साताऱ्यात, एक शिकागोत, इतिहासातलं सत्य आपसात ठरवू शकणार नाहीत. अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर काय छापलंय, हे मात्र दोघंही उघडून बघू शकतात. न मिटणारा प्रश्न ठेवून मिटणारा प्रश्न घ्यायचा, अशी ही युक्ती आहे.

मग जन्मतारखेचा लेख कसा होईल? कोणती तारीख कोणत्या साधनात आहे, बहुतेक इतिहास संशोधक आज कोणती मानतात, शासनाने कोणती स्वीकारली आणि दुसरी तारीख कुठून आली, हे सगळं त्या-त्या संदर्भासह. आता हे दोघांनाही समसमान जागा देणं नाही, बरं का. तटस्थता म्हणजे फिफ्टी-फिफ्टी नव्हे. स्रोतांत ज्या मताला जेवढं वजन, तेवढंच लेखात. पृथ्वी सपाट मानणारे आहेत म्हणून पृथ्वीवरच्या लेखातली अर्धी जागा त्यांना मिळत नाही.

या नियमाचा चटका मोठमोठ्यांना बसला आहे. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये विकिपीडियाला उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलं. त्यांच्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीचं पात्र अनातोल ब्रॉयार्ड या लेखकावरून सुचलं असावं, असं लेखात आलं होतं. समीक्षकांनी तसं लिहिलेलं होतं. रॉथ म्हणाले, साफ चूक, मला ते माझे प्राध्यापक मित्र मेल्व्हिन ट्यूमिन यांच्यावरून सुचलं. त्यांना उत्तर मिळालं, की तुमचा शब्द आम्ही मानतो, पण दुय्यम स्रोत लागेल. लेखकालाच त्याच्या कादंबरीबद्दल पुरावा मागतात म्हणून जगभर हसू झालं. पण पुढे काय झालं बघा. ते पत्र छापून आलं आणि तेच स्रोत झालं. समीक्षक काय म्हणत होते आणि लेखक काय म्हणतो, हे दोन्ही लेखात आलं. वाचकाला आधीपेक्षा जास्त कळलं.

नावांचे वाद आणखी चिवट. आज पोलंडमध्ये असलेलं ग्दान्स्क शहर. जर्मन लोक त्याला डान्झिग म्हणायचे. कोपर्निकसच्या काळातलं लिहिताना कोणतं नाव, हिटलरच्या काळातलं लिहिताना कोणतं, यावरून इंग्रजी विकिपीडियावर इतकी उलटापालट झाली, की शेवटी २००५ मध्ये त्यावर मतदान घ्यावं लागलं. ठरलं असं : १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग, त्याच्या आधी आणि नंतर ग्दान्स्क, आणि पहिल्या उल्लेखात दुसरं नावही द्यायचं. कुणाच्याच मनासारखं झालं नाही, पण दोघांनाही त्याच्याबरोबर काम करता आलं. आपल्याकडे औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, कर्नाटकाने २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावी केलं. १९६० सालच्या घटनेबद्दल लिहिताना काय लिहायचं, हा प्रश्न आपल्याही दारात उभा आहे. ग्दान्स्कचा निकाल जसाच्या तसा आपल्याला लागू होईल असं नाही. पण ‘नाव कोणतं’ऐवजी ‘कोणत्या काळासाठी कोणतं नाव’ असं विचारलं की वाट निघते, एवढं त्यातून घेता येतं.

हे सगळं दोन समंजस माणसांना जमतं. नाही जमलं तर? तिथून पुढची सगळी व्यवस्था एकाच कामासाठी आहे, ते म्हणजे तिसरा माणूस आणणं. गावाकडे बांधाचं भांडण दोन भावांत मिटत नाही. तिसरा यावा लागतो, आणि त्याची जमीन त्या बांधाला लागून नसावी लागते.

इंग्रजी विकिपीडियावर याच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी नावाप्रमाणेच ‘तिसरं मत’. वाद फक्त दोघांत असेल आणि चर्चा अडली असेल, तर एका यादीत नोंद करायची. त्या विषयाशी संबंध नसलेला कुणीतरी स्वयंसेवक येऊन वाचतो आणि आपलं मत देतो. ते बंधनकारक नसतं, पण पुष्कळदा पुरतं, कारण पहिल्यांदाच कुणी बाहेरचा म्हणतो, ‘मला तर तुमच्या दोघांच्या वाक्यांत फारसा फरक दिसत नाही.’

दुसरी पायरी मतमागणी. एक प्रश्न नेमक्या, तटस्थ शब्दांत मांडायचा आणि साऱ्या समुदायाला बोलवायचं. ज्यांनी त्या विषयात रस दाखवलाय, त्यांना सांगकाम्या निमंत्रण पाठवतो. सांगकाम्या म्हणजे बॉट. मराठी विकिपीडियाने त्याला हे झकास नाव दिलंय. ही मतमागणी साधारण ३० दिवस चालते आणि गरज पडली तर वादात नसलेला एक अनुभवी सदस्य तिचा निष्कर्ष लिहितो. तो डोकी मोजत नाही. कुणाचा युक्तिवाद धोरणाला आणि स्रोतांना धरून आहे, ते बघतो. दहा जणांनी ‘मला हे आवडत नाही’ म्हटलं आणि तिघांनी संदर्भ दिले, तर त्या तिघांचं पारडं जड होऊ शकतं. सहमती या शब्दाचा तिथला अर्थ हा.

शेवटची पायरी लवाद समिती. सदस्यांनी निवडून दिलेली, साधारण १५ जणांची. एक गोष्ट लोकांना माहीत नसते : ही समिती मजकुराचा निर्णय देत नाही. १६२७ की १६३० हे ती सांगणार नाही. ती फक्त वागणुकीचा निवाडा करते. कोण शिवीगाळ करतो, कोण नियम वारंवार मोडतो, कुणाला एखाद्या विषयापासून लांब ठेवायचं, हे. मजकूर शेवटपर्यंत लिहिणाऱ्यांच्याच हातात राहतो.

हे सगळं सुरळीत चालतं, असा समज करून घेऊ नका. दह्यावरच्या इंग्रजी लेखाचं नाव ‘योघर्ट’ या ब्रिटिश स्पेलिंगने लिहायचं की त्यातला एक ‘एच’ गाळून अमेरिकन पद्धतीने, हा वाद २००३ पासून २०११ पर्यंत चालला. आठ वर्षं! आपल्याकडे तेवढ्यात पोरगं चौथीत जातं. आणि २०१८ मध्ये काही संशोधकांनी सात हजारांहून जास्त मतमागण्या तपासल्या, तेव्हा जवळपास एक तृतीयांश औपचारिक निष्कर्षाविनाच राहिलेल्या आढळल्या. एवढ्या मोठ्या विकिपीडियालाही तिसरा माणूस पुरत नाही.

तुटवडा असला की नकली माल येतो. तिसऱ्या माणसाचाही येतो. एकच माणूस पाच खाती काढतो आणि स्वतःलाच ‘अगदी बरोबर बोललात’ म्हणतो. अशी कळसूत्री खाती शोधायला तांत्रिक तपासणी असते आणि सापडली की सगळीच बंद होतात. दुसरा प्रकार आपल्या जास्त ओळखीचा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर निरोप जातो, ‘अमुक लेखावर आपल्याविरुद्ध लिहिलंय, सगळ्यांनी जाऊन बदला.’ रात्रीत चाळीस नवे सदस्य येतात. त्यांना वाटतं, आपण जनमत दाखवलं. पण हे तिसरे नव्हेत, दुसऱ्याचेच भाऊबंद आहेत. त्यांनी चर्चेत नवा संदर्भ आणलेला नसतो, त्यामुळे त्यांच्या संख्येला वजन येत नाही. उलट लेखाला कुलूप लागतं.

आता जरा गंभीर उदाहरण. तिसरा माणूस उरलाच नाही तर काय होतं, हे क्रोएशियन विकिपीडियाने दाखवलं. भाषा लहान, लिहिणारे थोडे. तिथे प्रचालकांच्या एका उजव्या राष्ट्रवादी गटाने ताबा मिळवला. विरोधी मत मांडणाऱ्यांची खाती बंद होत गेली, उरलेले कंटाळून निघून गेले. दुसऱ्या महायुद्धात यासेनोवात्सच्या छळछावणीत हजारो सर्ब, ज्यू आणि रोमा लोक मारले गेले. तिचं वर्णन तिथे सौम्य करून ‘गोळा करण्याची आणि श्रमाची छावणी’ असं केलं गेलं. २०१३ मध्ये क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांनाच विद्यार्थ्यांना सांगावं लागलं, की आपल्या भाषेतला विकिपीडिया वापरू नका. हे जवळपास दशकभर चाललं. २०२० नंतर समुदायाने ते सावरलं आणि २०२१ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानने त्यावर अहवाल प्रसिद्ध केला.

लक्षात घ्या, नियम तिथेही होते. तटस्थतेचं धोरण होतं, चर्चा पानं होती. नियम लावणारे आणि वाद घालणारे तेच होते, आणि बाहेरून बघणारा कुणी उरला नव्हता.

म्हणून मला मराठीची काळजी वाटते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. लेखांची संख्या लाखाच्या आसपास आहे, पण नियमित लिहिणारे थोडे आणि प्रचालक मोजकेच. आपल्याकडे लवाद समिती नाही. सार्वजनिक चर्चेची एक जागा आहे, तिचं नाव ‘चावडी’. नाव किती योग्य! पण चावडीवर बसायला माणसं हवीत. दोघांचं भांडण लागलं की तिसरा म्हणून येतो तो बहुतेकदा प्रचालकच, आणि तो दोघांनाही आधीपासून ओळखत असतो. मग निर्णय कितीही सरळ दिला तरी एकाला तो पक्षपातीच वाटतो. रुसून एक जण जातो, आणि अशा छोट्या समुदायात एक माणूस जाणं म्हणजे एखादा विषयच अनाथ होणं.

तेव्हा तुम्ही काय करू शकता? लेख लिहा, असं सगळेच सांगतात. मी जरा वेगळं मागते. महिन्यातून एकदा, तुमचा ज्याच्याशी काडीचा संबंध नाही अशा विषयाचं चर्चा पान उघडा. दोघांचं म्हणणं वाचा. कुणी कोणता संदर्भ दिलाय तो शक्य असेल तर ग्रंथालयात जाऊन ताडून बघा. आणि चार ओळी लिहा : मला हे असं दिसतं, या पुस्तकाच्या या पानावर हे आहे, दोघांना चालेल असं एक वाक्य सुचवतो. बस, एवढंच. त्याला पांडित्य लागत नाही. वाचता येणं, आणि त्या विषयात आपलं घोडं नसणं, एवढं पुरतं.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : एखाद्या विषयावर आयुष्य घालवलेल्या तज्ज्ञाला आणि कॉलेजच्या पोराला एकाच पंगतीत बसवणं योग्य आहे का?

उत्तर : पंगत एक असली तरी तज्ज्ञाच्या हातात जास्त असतं, कारण कोणत्या पुस्तकात काय आहे हे त्यालाच ठाऊक. तो ‘मी सांगतो म्हणून’ म्हणाला, तर त्याचा शब्द इतरांएवढाच. ‘हे तीन संदर्भ बघा’ म्हणाला, तर पोराला गप्प बसावं लागतं. पडद्यामागचा माणूस खरंच प्राध्यापक आहे का, हे तपासायची सोय नाही. संदर्भ तपासायची आहे.

प्रश्न : आपल्या श्रद्धास्थानांबद्दल वाईट लिहिलं, तरी चर्चा पानावरच बसायचं? पोलीस, कोर्ट कशाला आहेत मग?

उत्तर : ती वाट प्रत्येक नागरिकाला आहेच, आणि ती वापरलीही गेली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या मजकुराबद्दल महाराष्ट्र सायबर पोलिसांनी विकिमीडिया प्रतिष्ठानला नोटीस दिली. एएनआय या वृत्तसंस्थेचा बदनामीचा दावा २०२४ पासून दिल्ली उच्च न्यायालयात आहे. त्या खटल्याविषयीचंच पान काढायला लावणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला. कायद्याचं कायदा बघेल. पण आदेशाने फार तर एखादं वाक्य जाईल. त्याच्या जागी चांगलं, साधार वाक्य कुणीतरी लिहावंच लागेल, आणि ते टिकायचं तर समोरच्याला पटवावं लागेल. महाराजांवर आपल्याकडे जितकं अस्सल साधन छापलेलं आहे, तितकं दुसऱ्या भाषेत क्वचितच असेल. ते घेऊन चर्चा पानावर जाणारे किती आहेत, हा प्रश्न मी तुमच्यावरच सोडते.